अपवेअर, केंब्रिजशर: लॉकशेजारच्या वाडीत बोटीने मुक्काम (सविस्तर रिव्ह्यू)

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. यूकेत राहणाऱ्या, आणि आई-बाबा किंवा सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर आले की लंडन झालं, स्कॉटलंड झालं, आता यांना अजून कुठे न्यायचं इथे येऊन अडलेल्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की एक लाँग वीकेंड बाजूला काढा, केंब्रिजजवळच्या ईलीच्या बाजूने बोट भाड्याने घ्या आणि अपवेअरला मुक्काम करा. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच, त्यात अपवेअरचा काही दोष नाही, तो बोटवाल्यांचा.

आणि हो, गाडीने जाऊ नका. गाडीने जाऊन आलेले ओळखीचे लोक सांगतात की तिथे आहे काय, एक पब नि चार घरं, बाकी सगळं सपाट. रस्त्यावरून खरंच तेवढंच दिसतं. हा सगळा फेन्सचा मुलूख, म्हणजे पूर्व इंग्लंडमधली सुकवलेली सपाट दलदल, रस्त्यावरून कळतच नाही, कारण इथली मुख्य गोष्ट आहे पाणी कुठल्या उंचीवर आहे आणि जमीन कुठल्या उंचीवर, आणि ते बघायचं तर पाण्यात असावं लागतं.

अपवेअर केंब्रिज आणि ईलीच्या मधे, कॅम नदीच्या पूर्व काठावर. गाव म्हणावं एवढंही नाही, वाडीच, विकन गावाच्या हद्दीत येते. थोडी घरं, नदीकाठी पब, बोटी लावायला मरीना, एक पंपिंग स्टेशन आणि लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलते तिथे बोट वर-खाली नेणारी दारांची कोठी. आजूबाजूला सगळी दलदल असताना लोकांनी इथेच का वस्ती केली असेल असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर पायाखाली आहे, इथे चुनखडकाचा एक लांबट उंचवटा आहे, ज्युरासिक काळातल्या उबदार समुद्रातल्या प्रवाळापासून झालेला. पूर्वी त्यात दगडाच्या खाणी होत्या, आता त्या जुन्या खाणींच्या जागा दुर्मिळ झाडांसाठी आणि जीवाश्मांसाठी राखून ठेवल्यात. चिखलाच्या एवढ्या मोठ्या प्रदेशात पाय टेकायला घट्ट जागा मिळाली की माणूस तिथे राहणारच.

आमच्यात मी, नवरा, मुलगा आणि आई-बाबा. आईचं माहेर पेण तालुक्यात, खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतीच्या पट्ट्यात. हे मुद्दाम सांगतेय कारण या ट्रिपमधे जे काही खरं समजलं ते तिच्यामुळे. इथल्या माहितीच्या पाट्या मी आधी कितीदा तरी वाचल्या होत्या, पण आईने बोटीतून एकदा बांध बघितला आणि जे प्रश्न विचारायला सुरुवात केली ना, ते पाट्या लिहिणाऱ्यांना सुचले नसते.

ईलीहून निघालं की ग्रेट ऊज नदीने प्रवाहाच्या विरुद्ध जायचं. मागे ईलीचं कॅथीड्रल कितीतरी वेळ दिसत राहतं, इतका सपाट प्रदेश आहे की लोक त्याला फेन्सचं जहाज म्हणतात. पोप्स कॉर्नर नावाच्या जागी दोन पाणी मिळतात, उजवीकडून ऊजचा जुना प्रवाह येतो आणि डावीकडे कॅम. तिथून डावीकडे वळलं की थोड्या वेळाने अपवेअर. निवांत गेलं तर दोन-तीन तासांचं काम, नॅरोबोट, म्हणजे इथली लांब अरुंद बोट, चालण्याच्याच वेगाने जाते आणि काठाजवळून जोरात नेलीत तर लाटांनी बांध खचतो, शिवाय बांधून ठेवलेल्या बोटी हलतात आणि आतली माणसं डोकं बाहेर काढून बघतात, त्यामुळे हळूच न्यायची. ज्यांना जुन्या मशीनची आवड आहे त्यांनी पोप्स कॉर्नरला उजवीकडे जाऊन स्ट्रेथम ओल्ड इंजिन बघावं, १८३१ सालचं वाफेचं इंजिन, शेतातलं पाणी उचलून नदीत टाकायला बसवलेलं, अजून जागेवर आहे. उघडं असण्याचे दिवस ठरावीक असतात, बघून जा.

आता पाण्याचा मामला, कारण तो कळल्याशिवाय अपवेअरची मजा नाही.

हा सगळा प्रदेश पूर्वी दलदल होता. बोरू, मासे, ईल, बदकं, कुजट गवताचं पीट, आणि त्यावर जगणारे लोक. १६३० मधे बेडफर्डचा चौथा अर्ल आणि त्याचे १३ भागीदार यांनी पैसे घातले, बदल्यात ९५,००० एकर जमीन मिळायची बोली, आणि कॉर्नेलियस वरमायडेन हा डच इंजिनियर पाणी काढायच्या कामाला लागला. सरळ रेघेसारखे कालवे खणले, पहिला १६३७ च्या सुमारास, त्याच्या शेजारचा दुसरा १६५१ मधे, आणि त्याच वर्षी डेन्व्हरला समुद्राच्या भरतीला अडवणारी मोठी दारं. कामाला कोण, तर डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी आणि डच युद्धकैदी. स्थानिक लोकांचा या सगळ्याला कडकडून विरोध होता, त्यांचं मासे पकडायचं आणि गुरं चारायचं रान जात होतं, त्यांनी बांध फोडले, कामं उद्ध्वस्त केली, त्यांना फेन टायगर्स म्हणायचे. मला या लोकांबद्दल खूप वाटतं. माहितीच्या बोर्डावर त्यांना एखादी ओळ मिळते आणि अर्लचं नाव मात्र अख्ख्या नदीला, त्या सरळ कालव्यांना आजही बेडफर्ड रिव्हर म्हणतात.

डेन्व्हरचं मी आईला सांगत होते की भरती आली की ती दारं बंद होतात आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात, तर ती म्हणाली, "अगं म्हणजे उघाडीच की. आमच्या बांधाला होती तशी. आजोबा रात्री-बेरात्री भरतीची वेळ बघून जायचे." मग विचारलं, "आणि खांड गेली तर?" खांड गेली होती, १७१३ मधे डेन्व्हरची दारंच कोसळली आणि १७५० पर्यंत नवीन झाली नव्हती. आईला हे ऐकून खरंच वाईट वाटलं. एकदा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की पुढची किती वर्षं भात होत नाही हे तिने स्वतः बघितलंय, त्यामुळे तिच्यासाठी ती ३०० वर्षांपूर्वीची बातमी नव्हती.

पण एक गोष्ट इथे वेगळी आहे आणि ती ऐकून बाबासुद्धा गप्प झाले. ही जमीन पीटची. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली राहिल्यामुळे पूर्ण न कुजलेली झाडं-झुडपं. पाण्याखाली आहे तोवर ठीक, पाणी काढलं की ते आक्रसतं, हवा लागली की हळूहळू जळून गेल्यासारखं संपत जातं, कोरडं झालं की वसंतातल्या वाऱ्याने काळ्या धुळीचे लोट उडतात. म्हणजे पाणी काढून जमीन मिळवली आणि पाणी काढलं म्हणूनच जमीन खाली चालली. खाली गेली की पाणी वर चढवायला पवनचक्क्या आल्या, त्या पुरेनात म्हणून वाफेची इंजिनं, मग डिझेल, आता इलेक्ट्रिक पंप. पश्चिमेकडे होम फेन म्हणून जागा आहे, तिथे १८५१ मधे जमिनीत एक खांब पूर्ण गाडला होता, नंतर त्याच्या जागी लोखंडी बसवला, त्याचं वरचं टोक तेव्हा जमिनीच्या पातळीला होतं आणि आज तो खांब सुमारे ४ मीटर वर दिसतो. खांब जागेवरच आहे, जमीन खाली गेली. तिथली जमीन समुद्रसपाटीच्याही खाली आहे.

नद्या मात्र होत्या तिथेच राहिल्या, दोन्हीकडून बांध घालून, आता शेतांच्या वरून वाहतात. आणि हे तुम्हाला गाडीतून कळत नाही. गाडीतून फक्त एक गवताचा उंचवटा दिसतो आणि मधेच त्या उंचवट्यावरून एखादी बोट चालल्यासारखी दिसते.

अपवेअरचं लॉक बरोबर याच गोष्टीसाठी आहे. कॅम नदीतून इथे रीच लोड फुटतो. लोड म्हणजे जुने माणसाने खणलेले जलमार्ग, बऱ्याच अभ्यासकांच्या मते मूळचे रोमन काळातले. लॉक ओलांडून आत गेलं की डावीकडे विकन लोड, पुढे पाऊट हॉलजवळ बर्वेल लोड वेगळा होतो आणि उरलेला रीच गावापर्यंत जातो. आम्ही गेलो तेव्हा नदीच्या आणि लोडच्या पाण्यात फरक अगदी थोडा होता, नवरा म्हणाला यासाठी एवढं मोठं लॉक कशाला. तर ते रोजच्या दिवसासाठी नाहीच. पावसाळी दिवसांत कॅम फुगते, ते पाणी लोडमधे शिरलं तर लोडचे बांध पेलणार नाहीत, आणि बांधाच्या पलीकडे शेतं खाली आहेत. म्हणून हे दार. बोटींची ये-जा ही त्याची दुसरी नोकरी.

लॉक पहिल्यांदा करणाऱ्यांना धास्ती असते म्हणून नीट सांगते. इथे गिलोटिन गेट असतं, म्हणजे दार बाजूला उघडत नाही, लोखंडाची अख्खी पाटी सरळ वर उचलली जाते. नद्या सांभाळणाऱ्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीची किल्ली बोटीसोबत मिळते, ती आहे ना हे निघायच्या आधी बघा, तिच्याशिवाय कंट्रोल बॉक्स उघडत नाही. बोट आधी अलीकडे बांधायची, एकाने उतरून जायचं, मग हळूच आत. दोर घट्ट बांधून टाकायचा नाही, नुसता खुंटाला वळसा देऊन टोक हातात धरायचं म्हणजे पाणी वर-खाली झालं की सोडता येतं, घट्ट बांधला आणि पाणी उतरलं तर बोट दोराला लटकते. हे त्यांच्या सूचनांमधे पण असतं पण ते वाचून काही डोक्यात शिरत नाही, हातात दोर घेतला की शिरतं. गेट वर जाताना त्याला लागलेलं शेवाळ आणि पाण्याचे थेंब सगळे खाली पडतात, बोट खालून नेताना पुढे बसलेल्यांवर तो शिडकावा होतोच, मुलाला तेच सगळ्यात आवडलं. बाबा वर काठावर उभे राहून गेटच्या साखळ्या आणि गिअर बघत राहिले, मागे दुसरी बोट येऊन थांबली तरी हलेनात, आणि त्या बोटीतले गृहस्थ पण छान होते, घाई करा वगैरे काही नाही, उलट बाबांना उतरून सगळं समजावून सांगत बसले, कुठल्या पाण्याची पातळी कुठे मोजतात, पट्टी कुठे लावलीय. इथे हे असं होतं. बोटीवरची माणसं थांबायच्या तयारीनेच आलेली असतात.

आत गेलं आणि आवाज बदलला. नदीवर इतर बोटी, पबमधले लोक, कुत्री, रोइंगवाले, लोडमधे मात्र नुसता बोरूचा सळसळाट. आम्ही विकन लोडच्या तोंडाशी थोडं पुढे बोट काठाला लावली आणि आईला हात धरून बांधावर चढवलं. एका बाजूला पाणी, आपण उभे ती पायवाट, आणि दुसऱ्या बाजूला उतार खाली खाली जातो आणि तिथे शेत. काळीभोर माती, बीटाच्या ओळी, कडेला शेतकऱ्याने नांगराला लागलेले काळे ओंडके काढून रचून ठेवलेले. ते बॉग ओक, पीटमधे गाडलेली हजारो वर्षांपूर्वीची ओकची झाडं. अशाच एका ५,००० वर्षं जुन्या झाडाचं १३ मीटर लांबीचं टेबल २०२२ मधे ईलीच्या कॅथीड्रलमधे ठेवलं होतं. आई बराच वेळ आळीपाळीने दोन्ही बाजूंना बघत होती. मग तिने विचारलं, "हा बांध राखतं कोण?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. पबमधे बसून शोधलं. मोठ्या नद्यांचं एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे, आणि शेतांमधल्या चाऱ्या, नाले, पंप यांच्यासाठी प्रत्येक भागाचं एक ड्रेनेज बोर्ड असतं, जमीनमालकांकडून पट्टी घेतं आणि त्यातून काम चालतं. अपवेअरचं पंपिंग स्टेशन त्यातलंच, स्वाफम बाजूच्या शेतांचं पाणी उचलून कॅममधे टाकतं. आई म्हणाली की खारेपाटात पूर्वी गाव मिळून बांधावर माती टाकायला जायचं, मग सरकारने घेतलं, मग कोणीच जाईना. इथे काम कंटाळवाणं वाटलं तरी ते बोर्ड वर्षानुवर्षं चालूच आहे याचं तिला फार कौतुक वाटलं आणि खरं सांगू का मलाही. इंग्लंडमधली जवळपास निम्मी पहिल्या प्रतीची शेतजमीन या फेन्समधे आहे, सुपरमार्केटमधली सेलरी, लीक, बटाटे घेताना ते पंप चालू आहेत म्हणून ते आलंय हे आता डोक्यात येतं.

विकन लोडने थेट विकन फेनपर्यंत जाता येतं, पण लोड अरुंद आणि उथळ आहे, लांब नॅरोबोट वळवायला त्रास होतो, त्यामुळे बोट छोटी असेल तरच. नाहीतर अपवेअरला बोट ठेवून सायकलने किंवा चालत जा, जवळच आहे. विकन फेन म्हणजे कधीच पूर्ण न सुकवलेला दलदलीचा तुकडा, नॅशनल ट्रस्टचं सगळ्यात जुनं निसर्ग राखीव क्षेत्र. पहिली २ एकर जागा त्यांनी १८९९ मधे १० पौंडाला घेतली. आपल्या लोकांसाठी एक आठवण, त्याच वर्षी रँग्लर परांजपे इथून जवळच केंब्रिजमधे सीनियर रँग्लर झाले. आणि त्याच्याही आधी १८२० च्या दशकात केंब्रिजचा विद्यार्थी असताना चार्ल्स डार्विनने इथले भुंगे गोळा केले होते असं सांगतात.

आता तिथे ९,००० हून जास्त जातींच्या प्राण्या-वनस्पतींची नोंद आहे. आम्हाला मार्श हॅरिअर हे शिकारी पक्षी अगदी डोक्यावरून जाताना दिसले, कुक्कूचा आवाज सतत होता. केंब्रिजचे प्रोफेसर निक डेव्हिस यांनी कुक्कू रीड वॉर्बलर या बोरूत राहणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी कशी घालते याचा अनेक वर्षांचा अभ्यास इथेच केलाय, मुलाला ते सांगितल्यावर तो प्रत्येक बोरूच्या झुबक्याकडे संशयाने बघायला लागला. लाकडी पवनपंप आहे, काळ्या रंगाचा, छोटासाच, फेन्समधला असा चालू स्थितीतला शेवटचा. १९५६ मधे अॅडव्हेंचरर्स फेनवरून उचलून इथे आणून बसवला. तिथे असताना तो पाणी बाहेर काढायला होता, इथे आणल्यावर पाणी आत घ्यायला लावला, कारण आजूबाजूची सगळी जमीन खाली गेल्यामुळे हा ओला तुकडा आता बेटासारखा वर राहिलाय आणि त्याचं पाणी निथळून जातं.

आईने याआधीच विचारलं होतं की एवढं सगळं खाली चाललंय तर मग पाणी काढायचंच कशाला. तर त्याचंच काम तिथे चालू आहे. १९९९ मधे ट्रस्टने १०० वर्षांची योजना जाहीर केली, आजूबाजूची शेतं मिळतील तशी घेऊन परत ओली होऊ द्यायची, केंब्रिजच्या वेशीपर्यंत एकूण ५३ चौरस किलोमीटर. अर्ध-जंगली कोनिक घोडे आणि हायलँड गुरं सोडलीत, ती चरून चरून झाडी माजू देत नाहीत. शेतकऱ्यांमधे यावर नाराजी पण आहे, इतकी चांगली जमीन पाण्यात कशाला घालता म्हणून, आणि त्यांचंही म्हणणं मला पटतं, पिढ्यान्पिढ्या पट्टी भरून पंप चालवलेत त्यांनी. पण जमिनीवरून चालताना पाय किंचित उसळतो इतकी ती माती जिवंत आहे, ते अनुभवलं की मन त्या बाजूला झुकतं. माझं तरी झुकलं.

पबबद्दल. नाव आहे फाइव्ह माइल्स फ्रॉम एनिव्हेअर, नो हरी इन. कुठूनही पाच मैल, घाई नाही. बोर्डाचा फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढला. जुना पब १९५० च्या दशकात आगीत गेला, आत्ताची बिल्डिंग नंतरची, त्यामुळे जुनी लाकडी तुळई वगैरे बघायला जाणार असाल तर ते नाही. पण नदीकाठचं गवत, टेबलं, समोर बांधलेल्या बोटी हे सगळं आहे, आणि लहान मुलांना पळायला भरपूर जागा, फक्त काठाला कठडा नाही हे लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजचे विद्यार्थी बोटी वल्हवत इथे यायचे आणि त्यांनी अपवेअर रिपब्लिक नावाचं स्वतःचं मंडळ काढलं होतं, आणि त्याच काळात रिचर्ड रॅमसे फील्डर नावाचा जीजस कॉलेजचा एमए झालेला माणूस इथे येऊन राहिला, स्वतःला अपवेअरचा राजा म्हणवायचा, बोटवाल्यांशी दारू पिऊन मारामाऱ्या करायचा आणि कविता करायचा. सहा गॅलनचा मातीचा जग होता त्याचा, त्यातून सगळ्यांना पंच पाजायचा. मला हा माणूस डोळ्यांसमोर आणता येतो, कारण संध्याकाळी तिथे बसलं की परत केंब्रिजला जायची इच्छा कोणालाच होत नाही.

आम्ही शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही होतो, सगळ्यांची सोय झाली, आई-बाबा बाहेरचं तिखट नसलेलं जेवण पटकन सोडून देतात, त्यांनी चिप्स आणि भाजीचा बर्गर आनंदाने खाल्ला, वर आईने पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढली. मेन्यू बदलत राहतो आणि किचनच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे फोन करून जा, कारण ते बंद असेल तर वाडीत दुसरं दुकान, कॅफे काही नाही. आम्ही बोटीत पोहे, मॅगी, दूध, चहा भरून नेलं होतं, तेच करा. सकाळी धुकं नदीवर असताना बोटीच्या मागच्या डेकवर आल्याचा चहा घेऊन बसायचं, ह्याला तोड नाही.

आता कापलेला अर्धा स्टार. ज्यांच्याकडून बोट घेतली त्यांनी बुकिंगच्या वेळी लोड्समधे जायला हरकत नाही सांगितलं आणि बोट ताब्यात देताना म्हणाले नाही, लोड्स चालणार नाहीत. ईमेल दाखवल्यावर फोन करून विचारलं आणि मग हो म्हणाले. तोपर्यंत आमचा पाऊण तास गेला आणि त्याची भरपाई म्हणून ट्रेनिंग घाईत उरकलं. मुलासाठी लाइफ जॅकेट आधी कळवूनही मोठ्या मापाचं ठेवलं होतं, ते मात्र मी बदलून घेतल्याशिवाय निघाले नाही आणि तुम्हीही निघू नका, लॉकच्या भिंती सरळ उभ्या असतात, पाणी खोल असतं, तिथे कुठलीही तडजोड नको. टॉयलेटच्या टाकीचा काटा चालत नव्हता. बोट स्वतः स्वच्छ होती, इंजिन छान, गॅस व्यवस्थित, बेड आई-बाबांना चढायला जमतील एवढे खाली.

म्हाताऱ्या माणसांसाठी सांगायचं तर, बोटीतून उतरताना पायरी उंच पडते, एक छोटं फोल्डिंग स्टूल न्या, आमचं फार कामाला आलं. मागे टिलर (सुकाणूचा दांडा) धरून उभं राहणाऱ्याला थंडी वाजते, जूनमधे पण जॅकेट लागतंच, कारण इथे वाऱ्याला अडवायला काही नाही. डास असतात, संध्याकाळी जास्त.

बोट परवडत नसेल किंवा जमत नसेल तर सायकल हा चांगला पर्याय आहे. लोड्स वे नावाचा सायकल मार्ग अँग्लसी ॲबीच्या बाजूने विकन फेनपर्यंत येतो, रीच लोडवर २०१० मधे चांगला पूल झालाय, तिथे थांबलं की पाणी वर आणि शेत खाली हे थोडंफार दिसतं. बर्वेल लोडवरच्या पुलाला पायऱ्या आहेत, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. रीचला पण जाऊन या, छोटं गाव आहे, एके काळचं बंदर, जॉन राजाच्या १२०१ च्या सनदेने मिळालेली जत्रा अजून मे महिन्याच्या पहिल्या बँक हॉलिडेला भरते आणि केंब्रिजचे महापौर येऊन पोरांसाठी नाणी उधळतात.

सीझनचं म्हणाल तर मे-जून उत्तम, कुक्कू आणि चतुर दोन्ही मिळतात. ऑगस्टमधे लोडमधे शेवाळ-गवत वाढतं, पंख्यात अडकतं. हिवाळ्यात नदीला पूर असेल तर बोटी सोडतच नाहीत, तेव्हा चालत किंवा सायकलने. बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या: लोड्समधे जायची परवानगी, लॉकची किल्ली, आणि मुलांच्या लाइफ जॅकेटची मापं. विकन लोडमधे शिरायचं असेल तर बोटीची लांबी पण विचारून ठेवा, नाहीतर आमच्यासारखं तोंडाशीच थांबून पुढचं चालत जावं लागेल. नॅशनल ट्रस्टची मेंबरशिप असेल तर कार्ड बरोबर ठेवा, विकन फेनला प्रवेश आणि पार्किंगचे पैसे वाचतात.